परतीची ग्वाही आणि मुक्कामाचा हिशेब

ब्रिटनमध्ये पदवी घेतल्यानंतर परदेशी विद्यार्थ्यांना दोन वर्षे राहून नोकरी करू देण्याची जी सवलत २०२१ पासून चालू झाली, ती दीड वर्षावर आणण्याचे तेथील मजूर पक्षाच्या सरकारने ठरविले आहे. या बदलासाठी १ जानेवारी २०२७ ही तारीख मुक्रर करण्यात आली असून त्या दिवसापासून जे अर्ज करतील त्यांना नवा नियम लागू व्हावयाचा आहे. फक्त पीएच.डी. संपादन करणाऱ्यांची तीन वर्षांची मुदत कायम राहील. सहा महिन्यांची ही काटछाट वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु २०२६ च्या सप्टेंबरात एक वर्षाच्या अभ्यासक्रमास दाखल होणारा विद्यार्थी पदवीधर होणार तो २०२७ मध्येच. दोन वर्षांची मिळकत गृहीत धरून ज्याने कर्जाचा हिशेब मांडला असेल, त्याच्या त्या हिशेबातील एक चतुर्थांश भाग वर्गात पाऊल टाकण्यापूर्वीच पुसला गेलेला आहे.

हा प्रश्न ब्रिटनपुरता नाही. कॅनडा व ऑस्ट्रेलिया यांनी २०२४ मध्ये आणि अमेरिकेने २०२५ मध्ये या ना त्या स्वरूपात हाच मार्ग धरला. देश निराळे, सत्तारूढ पक्षांची मते निराळी, निमित्तेही निराळी. पण दिशा एकच आहे. ज्यांनी एके काळी या सवलतीचा गाजावाजा करून विद्यार्थी बोलावले, तेच आता तिला कात्री लावीत आहेत. इकडे पुण्या-मुंबईतीलच नव्हे, तर जळगाव, लातूर, सांगली अशा ठिकाणची कुटुंबेही याच सवलतीच्या भरवशावर राहते घर बँकेकडे तारण ठेवून मुलामुलींना परदेशी धाडीत असतात. तेव्हा ही सवलत नेमकी काय आहे, ती कोण व कशासाठी देतो आणि ती कशाच्या आधारावर टिकते, याची शहानिशा थंड डोक्याने होणे आवश्यक आहे.

ब्रिटनची धरसोड

ब्रिटनचा अनुभव या बाबतीत सर्वांत बोलका आहे. २००८ मध्ये तत्कालीन मजूर सरकारने परदेशी पदवीधरांना दोन वर्षे राहून काम करण्याची मुभा दिली. त्यासाठी नोकरी आधी हाती असण्याची अटही नव्हती. २०१० मध्ये सत्तांतर झाले. देशात येणाऱ्यांची निव्वळ संख्या वर्षाला एक लाखाच्या आत आणण्याचे आश्वासन हुजूर पक्षाने मतदारांना दिले होते, आणि ते पाळण्यासाठी सर्वांत सहज हात घालता येईल असा गट विद्यार्थ्यांचाच होता. थेरेसा मे गृहमंत्री असताना एप्रिल २०१२ मध्ये हा मार्ग बंद करण्यात आला. २०१०-११ मध्ये ब्रिटनच्या विद्यापीठांत सुमारे ३९ हजार भारतीय विद्यार्थी होते; २०१६-१७ मध्ये ते साडेसोळा हजारांच्या आसपास उरले. या सहा वर्षांत ब्रिटिश विद्यापीठांतील शिक्षणाचा दर्जा काही निम्म्याहून अधिक घसरला नव्हता. घसरली होती ती पदवीबरोबर मिळणाऱ्या मुक्कामाची शाश्वती. विद्यार्थी फीच्या मोबदल्यात केवळ पदवी नव्हे, तर मुक्कामही विकत घेत होते, हे त्या आकड्यांनी उघड केले.

विद्यापीठांनी हा धडा फार लवकर ओळखला. इंग्लंडमध्ये देशी विद्यार्थ्यांकडून घ्यावयाच्या फीची कमाल मर्यादा २०१७ पासून ९,२५० पौंडांवर गोठविण्यात आली होती. ती २०२५ मध्ये कोठे ९,५३५ पौंड झाली. या काळात महागाई मात्र गोठलेली नव्हती. परदेशी विद्यार्थ्यांच्या फीला अशी मर्यादा नसल्याने तूट भरून काढण्याचा राजमार्ग तोच ठरला. २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांच्या सरकारने दोन वर्षांची सवलत पुन्हा जाहीर केली, जुलै २०२१ मध्ये ती अमलात आली आणि २०२१-२२ मध्ये भारतीय विद्यार्थ्यांची संख्या सव्वा लाखावर गेली. तेव्हा ही सवलत म्हणजे उदारतेचा आविष्कार नव्हता. सरकारी तिजोरीला झळ न लावता विद्यापीठांचा खर्च भागविण्याची ती एक सोय होती.

मे २०२४ मध्ये सरकारनेच नेमलेल्या स्थलांतरविषयक सल्लागार समितीने ही सवलत कायम ठेवावी, असा अभिप्राय दिला. तो असतानाही वर्षभरात, मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत, मुदत घटविण्याचा निर्णय झाला. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या मुदतीनंतर ज्या नोकरीच्या व्हिसावर जावयाचे, त्याची वेतनमर्यादाही वर सरकली आहे. एप्रिल २०२४ पूर्वी वार्षिक २६,२०० पौंडांवर असलेली सर्वसाधारण मर्यादा प्रथम ३८,७०० आणि जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड झाली. नव्या पदवीधरांना ३३,४०० पौंडांची सवलतीची मर्यादा आहे हे खरे. परंतु लंडनबाहेरच्या एखाद्या छोट्या कंपनीत पहिली नोकरी धरणाऱ्याला तीही सुलभ नाही. नोकरी शोधण्याचा अवधी कमी आणि ती नोकरी अधिक पगाराची हवी, अशा दोन्ही बाजूंनी हा मार्ग आखडला आहे.

प्रशिक्षण नावाची नोकरी

अमेरिकेतील स्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. तेथील १९५२ च्या कायद्याने विद्यार्थी-व्हिसाच्या व्याख्येतच अशी अट घातली आहे की, अर्जदाराचे मायदेशी घर असावे आणि ते कायमचे सोडण्याचा त्याचा हेतू नसावा. अशा तात्पुरत्या पाहुण्याला नोकरीचा परवाना देणे या व्याख्येत सहजासहजी बसत नाही. म्हणून त्या नोकरीला ‘प्रशिक्षण’ असे नाव देण्यात आले. विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणाची तरतूद १९४७ च्या नियमांपासून चालत आलेली असून तिचे आजचे स्वरूप, म्हणजे ‘ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग’ अथवा ओपीटी, १९९२ चे आहे. त्याची मूळ मुदत बारा महिने. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या शाखांच्या पदवीधरांना २००८ मध्ये आणखी सतरा महिने मिळाले; २०१६ मध्ये ते चोवीस झाले. आपल्याकडील अभियंते ज्या तीन वर्षांच्या हिशेबाने अमेरिकेस जातात, ती तीन वर्षे अशी जुळून आलेली आहेत.

यातील कोणतीही मुदत अमेरिकन काँग्रेसने कायदा करून दिलेली नाही. ती प्रशासनाने नियम करून दिली आहे, आणि येथेच या इमारतीचा पाया कच्चा आहे. २००८ चा नियम करताना जनतेची मते मागविण्याची विहित पद्धत पाळली नाही, या कारणावरून वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये तो रद्द ठरविला. नवा नियम होईपर्यंत निकालाची अंमलबजावणी थांबविली गेली म्हणून हजारो तरुणांवरील संकट टळले. पुढे ओपीटीच्या मूळ वैधतेलाच तेथील तंत्रज्ञांच्या एका संघटनेने आव्हान दिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये अपील न्यायालयाने सरकारच्या बाजूने कौल दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रकरण सुनावणीस घेण्याचे नाकारले. त्यामुळे ओपीटी वैध ठरली. तथापि, असा नियम करण्याचा अधिकार प्रशासनाला आहे, हा त्या निकालाचा अर्थ. जे करण्याचा अधिकार आहे ते विहित पद्धतीने मोडण्याचाही अधिकार असतो. विद्यार्थ्यांना पदवीनंतर काम करू देण्याची ही पद्धत संपवावी, असे मत अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवेच्या प्रमुखपदासाठी नियुक्त झालेल्या जोसेफ एडलो यांनी मे २०२५ मध्ये सिनेटच्या समितीपुढे मांडले, आणि त्यानंतर त्यांची नियुक्ती कायमही झाली.

ओपीटीच्या काळातही तरुण निर्धास्त नसतो. पहिल्या वर्षात एकूण नव्वद दिवसांपेक्षा अधिक काळ तो बेकार राहिला तर त्याचा मुक्कामाचा हक्क धोक्यात येतो. वाढीव मुदत धरून ही मर्यादा एकशे पन्नास दिवसांची आहे. वाढीव मुदतीसाठी मालकाने सरकारी पडताळणी यंत्रणेत नोंदलेले असावे लागते आणि प्रशिक्षणाचा आराखडा सही करून द्यावा लागतो. त्यापुढे एच-१बी व्हिसा. त्याची वार्षिक मर्यादा ६५ हजार असून अमेरिकेतील मास्टर्स अथवा त्यावरील पदवीधारकांसाठी आणखी २० हजार जागा आहेत. इच्छुक कितीतरी अधिक असल्याने निवड सोडतीने होत आली. २०२६ या आर्थिक वर्षासाठी पात्र नोंदण्या ३ लाख ४३ हजारांवर होत्या आणि निवडल्या गेल्या सुमारे १ लाख २० हजार. म्हणजे साधारणतः तिघांत एक. डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नियमाने या सोडतीतही उच्च वेतनश्रेणीला अधिक संधी आणि प्रारंभिक श्रेणीला सर्वांत कमी संधी देण्यात आली. नवपदवीधर प्रायः खालच्या श्रेणीतच असतो, हे सांगावयास नको.

१९ सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणेने नव्या एच-१बी अर्जावर जो एक लाख डॉलरचा आकार एका वर्षासाठी बसविला, त्याने आपल्याकडे एकच खळबळ उडाली. अमेरिकेत राहूनच विद्यार्थी-व्हिसावरून एच-१बीवर जाणाऱ्यांना तो लागू नाही, असा खुलासा महिनाभराने झाला. परंतु त्या महिन्यात जी धावपळ झाली, तीच या व्यवस्थेचे खरे रूप दाखविते. एका सहीने संकट आले आणि एका खुलाशाने ते काही जणांपुरते दूर झाले. दोन्ही वेळी ज्यांचे भवितव्य पणास लागले होते त्यांना विचारण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.

या व्यवस्थेत भारतीय किती गुंतलेले आहेत, ते आकड्यांवरून कळेल. २०२४-२५ मध्ये अमेरिकेतील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३,६३,०१९ होती आणि परदेशी विद्यार्थ्यांत भारताचा क्रमांक पहिला होता. परंतु यांपैकी १,४३,७४० जण वर्गात नव्हते; ते ओपीटीवर नोकरी करीत होते. म्हणजे ‘विद्यार्थी’ म्हणून मोजल्या गेलेल्या दर पाच भारतीयांतील दोघे प्रत्यक्षात कामगार होते. त्याच वर्षी पदव्युत्तर वर्गांतील भारतीयांची संख्या घटली. जुनी भरती नोकरीत सरकली आणि मागून येणारा ओघ रोडावला, असा याचा अर्थ होतो.

कॅनडाचे उघडे दार

कॅनडाने दार सर्वांत अधिक उघडले होते. २००८ पासून तेथील पदवीधराला तीन वर्षांपर्यंतचा खुला परवाना मिळू लागला. कोणत्याही मालकाकडे, कोणत्याही क्षेत्रात काम करावे आणि त्या अनुभवाच्या बळावर कायम वास्तव्याचा अर्ज करावा, अशी ती योजना. ओंटारिओसारख्या प्रांताने २०१९ मध्ये देशी विद्यार्थ्यांची फी दहा टक्क्यांनी कमी करून गोठविली आणि तेथील महाविद्यालये परदेशी फीवर अधिकच विसंबू लागली. २०२३ अखेर कॅनडात दहा लाखांवर परदेशी विद्यार्थी-परवानाधारक होते. घरभाडी भडकली, जनमत फिरले आणि सरकारही फिरले. जानेवारी २०२४ मध्ये नव्या परवान्यांवर मर्यादा आली. नोव्हेंबर २०२४ पासून पदवीनंतरच्या परवान्यासाठी भाषेची परीक्षा आवश्यक झाली, आणि विद्यापीठीय पदवीऐवजी महाविद्यालयीन पदविका घेणाऱ्यांना ठरावीक क्षेत्रांतील अभ्यासक्रम असेल तरच हा परवाना मिळू लागला. घरांचा तुटवडा विद्यार्थ्यांनी निर्माण केला नव्हता. पण मतदानाचा हक्क नसलेल्यांवर दोष ढकलणे कोणत्याही लोकशाहीत सर्वांत स्वस्त पडते.

करारात बांधलेली मुदत

या सर्वांत ऑस्ट्रेलियाचे उदाहरण वेगळे असून तेच सर्वाधिक विचारार्ह आहे. १ जुलै २०२४ पासून त्या देशानेही पदवीधरांच्या तात्पुरत्या व्हिसाचे नियम कडक केले. वयाची मर्यादा बहुतेकांसाठी पन्नासवरून पस्तीस झाली, इंग्रजीची पातळी वाढली, मास्टर्सची तीन वर्षांची मुदत दोनवर आणि पीएच.डी.ची चारवरून तीनवर आली. परंतु भारतीयांची मुदत घटली नाही. मास्टर्ससाठी तीन वर्षे, पीएच.डी.साठी चार वर्षे आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखांतील प्रथम वर्गाच्या ऑनर्स पदवीसाठी तीन वर्षे या मुदती जशाच्या तशा राहिल्या. ऑस्ट्रेलियाला भारतीयांविषयी विशेष ममत्व वाटले, असा याचा अर्थ नव्हे. एप्रिल २०२२ मध्ये सह्या झालेल्या आणि त्याच वर्षी २९ डिसेंबरला अमलात आलेल्या उभय देशांच्या आर्थिक सहकार्य व व्यापार करारात या मुदती लिहिलेल्या होत्या. वयाची मर्यादा करारात बांधलेली नव्हती, म्हणून ती भारतीयांनाही लागू झाली. जे कलमात होते ते वाचले, जे नव्हते ते गेले. यापेक्षा स्वच्छ पुरावा कोणता हवा?

जर्मनीने तिसरा मार्ग स्वीकारला आहे. तेथील पदवीधराला योग्य नोकरी शोधण्यासाठी अठरा महिने मिळतात आणि त्या काळात कोणतेही काम करता येते. ही तरतूद संसदेने केलेल्या वास्तव्यविषयक कायद्यात आहे. बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत शिक्षण शुल्क नसल्याने विद्यार्थ्याच्या फीवर विद्यापीठाचा संसार अवलंबून नाही. वृद्ध होत चाललेल्या लोकसंख्येला कुशल हात हवेत, हा त्यामागील उघड स्वार्थ आहे आणि तो लपविलेलाही नाही. भाषा शिकण्याचे कष्ट आणि निर्वाहासाठी बँकेत आधीच ठेवावी लागणारी रक्कम या अडचणी आहेतच. तरीही २०२३-२४ मध्ये जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचा गट सर्वांत मोठा ठरला.

याचा अर्थ असा की, ही सवलत तीन प्रकारच्या पायांवर उभी राहते. प्रशासकीय नियमावरची सवलत सरकारच्या मर्जीने हलते, कायद्यातील तरतूद हलविण्यास संसदेची संमती लागते, आणि उभयपक्षी करारातील कलम मोडावयाचे तर दुसऱ्या देशाला तोंड द्यावे लागते. भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने ज्या देशांत गेले, तेथे बहुतांशी पहिलाच, म्हणजे सर्वांत डळमळीत, पाया होता.

कर्जाचे बंधन

या डळमळीत पायावर आपल्याकडे जे उभे आहे, ते शैक्षणिक कर्ज. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेनुसार साडेसात लाखांच्या वरील कर्जास तारण लागते. अमेरिकेत अथवा ब्रिटनमध्ये शिकावयाचे तर रक्कम त्याच्या अनेक पटींनी जास्त होते. म्हणून फ्लॅट, घर, आईवडिलांच्या मुदतठेवी तारणात जातात आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा बाप सहकर्जदार म्हणून सही करतो. परतफेडीचा हप्ता अभ्यासक्रम संपल्यानंतर एका वर्षाने सुरू होतो. अमेरिकेत व्यवस्थापन, वास्तुशास्त्र किंवा समाजशास्त्रे शिकलेल्या मुलीची ओपीटी बारा महिन्यांचीच असते. म्हणजे तिचा परवाना संपण्याची आणि येथील हप्ता सुरू होण्याची वेळ जवळपास एकच येते. डॉलरमध्ये मिळणारा पगार थांबला आणि रुपयातील पगारावर तो हप्ता भागवावयाचा झाला, तर तिची पदवी कितीही मोलाची असली तरी घर मात्र बँकेच्या दारात उभे राहते.

या विद्यार्थ्यांना एकाच आठवड्यात दोन परस्परविरोधी जबाब द्यावे लागतात. वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकन वकिलातीच्या खिडकीवर, शिक्षण संपताच मी परत येईन, अशी ग्वाही द्यावयाची. आणि बँकेच्या शाखेत, तेथे राहून कमावले तरच फिटेल एवढे कर्ज मंजूर करून घ्यावयाचे. विद्यार्थी लबाड असतात म्हणून हे घडते असे नव्हे. दोन्ही ठिकाणी हा विरोध सर्वांना ठाऊक असतो आणि सर्वांच्या सोयीचा म्हणून तो चालू राहतो. जोवर परवाना मिळतो तोवर हा विरोध झाकला जातो. परवाना आखडला की तो विद्यार्थ्याच्या आणि त्याच्या आईबापांच्या माथी येतो.

महाराष्ट्राला परदेशी शिक्षणाची परंपरा नवी नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाची वैद्यकीय पदवी घेऊन कोल्हापूरच्या रुग्णालयातील नियुक्तीवर परतल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानची सेवा करावी, असा करार त्यामागे होता. त्या काळी शिष्यवृत्तीचा करार विद्यार्थ्याला परतावयास बांधीत असे. आज कर्जाचा करार त्याला न परतण्यास बांधतो. दोन्ही बंधनेच, परंतु पहिल्याच्या टोकाशी मायदेशातील काम होते, दुसऱ्याच्या टोकाशी परक्या सरकारची मर्जी आहे. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर जाणाऱ्या अनुसूचित जातींतील विद्यार्थ्याच्या डोक्यावर हे कर्ज नसते, आणि म्हणून राहणे वा परतणे हा निर्णय तो निदान काही अंशी स्वतः करू शकतो. ही शिष्यवृत्ती मिळणारे थोडे. कर्ज काढणारे अगणित.

दुसरी बाजू

या प्रश्नाला दुसरी बाजू आहे, हेही मान्य केले पाहिजे. आपल्या देशात कोणी किती काळ राहावे हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक सार्वभौम राष्ट्राला असतो. भारतही आपल्याकडील परदेशी विद्यार्थ्यांना पदवीनंतर मनमोकळेपणाने नोकऱ्या देतो, असा दावा कोणी करणार नाही. अमेरिकेतील तरुणांची तक्रारही सर्वस्वी निराधार नाही. ओपीटीवरील परदेशी पदवीधराला पहिली पाच वर्षे सामाजिक सुरक्षा व वैद्यकीय विम्याचा वेतनकर सामान्यतः लागत नाही. त्यामुळे मालकाची पगारामागे ७.६५ टक्के बचत होते. सारख्याच पात्रतेच्या स्थानिक तरुणापेक्षा परदेशी माणूस स्वस्त पडावा, अशी ही रचना कोणालाही खटकेल.

तथापि, या युक्तिवादाला एक मर्यादा आहे. सार्वभौम अधिकार भावी विद्यार्थ्यांसाठी वापरणे निराळे आणि ज्यांनी फी भरली, कर्ज काढले, वर्ग सुरू केले त्यांच्या बाबतीत मध्येच अटी बदलणे निराळे. विद्यापीठे ज्या सवलतीचे नाव सांगून फी घेतात, ती सवलत निदान त्या विद्यार्थ्यापुरती अबाधित राहावी, ही मागणी दयेची नसून व्यवहारातील सचोटीची आहे.

काय करता येईल

ही मागणी एकट्या विद्यार्थ्याने करून उपयोग नाही. ती भारत सरकारने करावयाची आहे. भारताने ब्रिटनशी व्यापार करार २४ जुलै २०२५ रोजी केला, म्हणजे मुदत घटविण्याची श्वेतपत्रिका निघाल्यानंतर दोन महिन्यांनी. त्या करारात स्वयंपाकी, योगशिक्षक व शास्त्रीय संगीतकार यांच्यासाठी वर्षाला अठराशे जागांची तरतूद आहे. त्यांना संधी मिळाली हे चांगलेच झाले. परंतु ज्यांची संख्या लाखाच्या वर आहे आणि ज्यांच्या फीवर ब्रिटिश विद्यापीठांचा डोलारा उभा आहे, त्या विद्यार्थ्यांच्या पदवीनंतरच्या मुदतीला मात्र ऑस्ट्रेलियाप्रमाणे करारात स्थान मिळाले नाही. आपले विद्यार्थी हे आपल्या हातातील वजन आहे, याची जाणीव वाटाघाटींच्या मेजावर अजून पुरेशी दिसत नाही. ऑस्ट्रेलियाशी जे साधले ते अपवाद न ठरता पायंडा ठरले पाहिजे, आणि कोणत्याही देशाशी करार करताना निदान शिकत असलेल्यांच्या अटी बदलणार नाहीत एवढे तरी लिहून घेतले पाहिजे.

काही कामे मात्र घरचीच आहेत. परदेशी नोकरीसाठी माणसे धाडणाऱ्या दलालांना १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने परवान्याचे बंधन घातले. शिक्षणासाठी धाडणारे सल्लागार मात्र त्या चौकटीबाहेर राहिले. त्यांतील अनेकांना परदेशी संस्थांकडून प्रवेशागणिक दलाली मिळते आणि विद्यार्थ्यापुढे ते ‘तीन वर्षांचा परवाना’ असा शब्द हक्क असल्यासारखा टाकतात. कॅनडात गेलेल्या अनेक भारतीय विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रेच बनावट निघाल्याचे २०२३ मध्ये उजेडात आले आणि त्यांच्यावर हद्दपारीची वेळ आली, तेव्हा या व्यवसायाचे अंतरंग जगासमोर उघडे पडले. पंजाबने २०१२ मध्ये कायदा करून अशा सल्लागारांना नोंदणीच्या कक्षेत आणले आहे. विद्यार्थी पाठविण्यात आघाडीवर असलेल्या महाराष्ट्राने दलाली उघड करण्याची आणि व्हिसाच्या अटी लेखी देण्याची सक्ती करण्यास काहीच हरकत नसावी.

बँकांनीही परतफेडीची कुवत ठरविताना परदेशातील पगाराचाच आकडा धरण्याची सवय सोडावी. मुलगा वा मुलगी पदवी घेऊन थेट घरी आली तर हप्ता भरता येईल काय, हा प्रश्न कर्जमंजुरीच्या वेळी विचारला गेला, तर काही कर्जे लहान होतील, काही अभ्यासक्रम बदलतील आणि काही घरे वाचतील. कुटुंबांनीही हाच प्रश्न स्वतःला विचारणे इष्ट आहे. ज्या पदवीचे मोल मुक्कामाच्या परवान्यावाचून उरत नाही, ती पदवी फार महाग आहे.

परदेशी शिक्षणाची ओढ वाईट नाही आणि तेथे राहून चार पैसे मिळविण्याची इच्छाही वाईट नाही. ज्ञान व उद्यम यांना सीमा नसाव्यात, हे खरेच. पण परवान्यांना सीमा असतात आणि त्या निवडणुकीगणिक सरकतात. व्हिसाच्या खिडकीवर उभ्या राहणाऱ्या मुलाकडून परतीची जी ग्वाही घेतली जाते, ती आज केवळ कागदावरची आहे. ती पाळावयाची वेळ आलीच, तर त्याला घर न गमावता परतता यावे, एवढी तजवीज त्याला धाडणाऱ्या कुटुंबाने, कर्ज देणाऱ्या बँकेने आणि त्याच्या नावाने वाटाघाटी करणाऱ्या सरकारने आधी करून ठेवावयास हवी.